पोटाचे दुखणे आणि मनाचे कोडे

१९९९ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्वमग्नता, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात त्या अवस्थेतील ६० मुले या प्रयोगात सहभागी झाली होती. निम्म्या मुलांना सिक्रेटिन या द्रव्याचे एक इंजेक्शन देण्यात आले आणि उरलेल्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याचे. कोणाच्या वाट्याला काय आले हे पालकांना ठाऊक नव्हते आणि मुलांची तपासणी करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. काही आठवड्यांनी हिशेब मांडला तेव्हा दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष पालकांना सांगण्यात आला. तरीही त्यांच्यापैकी ६९ टक्के पालकांनी, आपल्या मुलाला हे औषध देण्यात आपल्याला अजून स्वारस्य आहे, असेच उत्तर दिले.

या आकड्याकडे पाहून पालकांच्या भाबडेपणाला हसणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. ज्याचे मूल चार वर्षांचे होऊनही हाकेला ओ देत नाही, रात्र रात्र झोपत नाही आणि कशासाठी रडते ते सांगू शकत नाही, त्याला आकडेमोडीची भाषा चटकन पटावी कशी? बुडत्याला काडीचा आधार वाटतो, हा काही त्याचा अपराध नव्हे. काडीलाच नौका म्हणून विकणारे जे कोणी असतील, त्यांचा मात्र तो अपराध आहे. गेल्या पंचवीस वर्षांत सिक्रेटिनची जागा दुसऱ्या एका आशेने घेतली आहे. ती आशा म्हणजे आतड्यातील सूक्ष्मजीव. या जीवाणूंचा समतोल सुधारला की मुलाची स्वमग्नता ओसरते, असे आता अनेक दिशांनी सांगितले जात आहे. या म्हणण्यात तथ्य किती, आशा किती आणि व्यापार किती, याचा निवाडा शांतपणे व्हावयास हवा.

आईवरचा आरोप

स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन बाल्टिमोर येथील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. त्यांनी अकरा मुलांची हकिगत लिहिली होती. इतरांशी भावनिक नाते जुळवण्यातील अडचण, भाषेचे विचित्र वळण आणि नेहमीचा क्रम जराही बदलू नये हा हट्ट, ही लक्षणे त्यांनी नेमकी टिपली. त्यांतील काही मुलांच्या तान्हेपणीच्या खाण्यापिण्याच्या तक्रारीही त्यांनी नोंदवल्या होत्या. पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या तक्रारींकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. मानसशास्त्राच्या एका प्रभावी प्रवाहाने दोष आईच्या माथी मारला. आई थंड स्वभावाची, मायेची ऊब न देणारी, म्हणून मूल आपल्या कोषात गेले, असे सांगितले जाऊ लागले. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने या आरोपाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच्या तीन वर्षे आधी, १९६४ मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी ही अवस्था मेंदूच्या घडणीशी निगडित आहे असे साधार प्रतिपादन केले होते. तथापि आईवरचा कलंक पुसला जाण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

आज शास्त्राचे मत स्पष्ट आहे. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील सुमारे वीस लाख व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वमग्नतेच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आढळतो त्याचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मेंदूची ही घडण पुष्कळशी जन्माआधीच सुरू झालेली असते. आईच्या मायेशी तिचा काही संबंध नाही.

परंतु या निष्कर्षाने अपराधाची टोचणी गेली, तरी हाती उपाय काही आला नाही. जनुके बदलता येत नाहीत. पोट मात्र हाताशी असते. पथ्य करता येते, औषध देता येते, जुलाब देऊन कोठा साफ करता येतो. सर्व रोगांचे मूळ मंद झालेल्या अग्नीत शोधणाऱ्या आयुर्वेदाच्या परंपरेत आणि दर रविवारी एरंडेल पाजणाऱ्या आजीच्या राज्यात जे लोक वाढले, त्यांना तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. पोटाचा मार्ग पालकांना इतका ओढून का घेतो, याचे उत्तर येथे आहे.

पोटाची तक्रार खरी आहे

येथे एक गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. स्वमग्न मुलांची पोटदुखी काल्पनिक नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये जो आढावा घेण्यात आला, त्यात इतर मुलांच्या तुलनेत स्वमग्न मुलांत पोटाच्या तक्रारींचे प्रमाण चौपटीहून अधिक आढळले. बद्धकोष्ठ आणि जुलाब यांचे प्रमाण तिपटीहून अधिक होते.

ज्या मुलाला बोलता येत नाही त्याच्या बाबतीत या आकड्यांचा अर्थ काय होतो, याचा विचार शाळेतील शिक्षकांनी अवश्य करावा. आठ दिवस शौचास न झालेले मूल भिंतीवर डोके आपटते, स्वतःच्या हाताला चावते, बाकाच्या कडेवर पोट दाबून पडून राहते. पाहणारे म्हणतात, हा त्याचा आजारच आहे, त्याचे वागणेच असे आहे. वस्तुतः ते मूल आपल्याला जमेल त्या एकमेव भाषेत ‘पोट दुखते’ एवढेच सांगत असते. त्याचे बद्धकोष्ठ दूर केले की डोके आपटणे थांबते, झोप लागते, चित्त जरा स्थिर होते आणि मग ते वर्गात चार गोष्टी शिकूही लागते. ही सुधारणा खरीच असते. मात्र तेवढ्यावरून त्याची स्वमग्नता बरी झाली असे म्हणणे, हा दाताची कळ थांबल्यावर चिडका माणूस शांत झाला म्हणून दाताच्या वैद्याने त्याचा स्वभाव बदलला असे म्हणण्यासारखाच प्रकार आहे. दुखणे थांबवणे आणि मेंदूची घडण बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. या विषयातील निम्मा गोंधळ ही सीमारेषा पुसल्यामुळे झाला आहे.

आतड्यातील जीवसृष्टी

माणसाच्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, असा अंदाज इस्रायलमधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये मांडण्यात आला. त्यांची संख्या शरीरातील पेशींच्या संख्येच्या जवळपास भरते. वजन मात्र पावशेरही नाही. हे जीवाणू न पचलेला चोथा आंबवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगप्रतिकारक शक्तीला घडवतात. मेंदूतील संदेशवहनात ज्याला महत्त्व आहे ते सेरोटोनिन हे द्रव्य शरीरात जितके तयार होते त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आतड्यातच तयार होतो. शिवाय आतडे आणि मेंदू यांना जोडणारी एक लांब मज्जातंतूची तारही आहेच. तेव्हा आतड्यातील घडामोडींचा मेंदूवर काही परिणाम होत असेल, ही कल्पना मुळीच हास्यास्पद नाही.

या कल्पनेला स्वमग्नतेशी जोडण्याचे काम एका आईने केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतील एलन बोल्टी यांनी आपल्या मुलाच्या आजाराचा पिच्छा पुरवत ग्रंथालये धुंडाळली आणि १९९८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आपला तर्क मांडला. वारंवार दिलेल्या प्रतिजैविकांनी आतड्यातील चांगले जीवाणू मारले जातात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जीवाणू तेथे ठाण मांडतात आणि त्यांचे विष मेंदूपर्यंत पोहोचते, असा तो तर्क होता. त्याची परीक्षा पाहण्यासाठी डॉक्टरांनी ११ मुलांना व्हँकोमायसिन हे औषध तोंडावाटे दिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत बहुतेक मुलांच्या वागण्यात थोड्या दिवसांपुरती सुधारणा दिसली. औषध बंद होताच ती मावळली. एका आईच्या चिकाटीने शास्त्रज्ञांना विचार करायला लावावे, हे कौतुकास्पदच होय. परंतु त्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

ॲरिझोनातील प्रयोग

वाईट जीवाणू मारून भागत नसेल तर चांगले जीवाणू बाहेरून आणून का पेरू नयेत? दुधाला विरजण लावावे त्याप्रमाणे निरोगी माणसाच्या विष्ठेतील जीवाणू रोग्याच्या आतड्यात सोडण्याचा उपाय वैद्यकाला अपरिचित नाही. अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनी १९५८ मध्ये आतड्याच्या प्राणघातक दाहाने आजारी असलेल्या चार रोग्यांवर तो केला होता. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील एका प्रयोगाने त्याला भक्कम आधार दिला. क्लॉस्ट्रिडियमचा जुलाब पुनःपुन्हा उलटणाऱ्या १६ रोग्यांपैकी १३ जण पहिल्याच मात्रेने बरे झाले. नेहमीच्या औषधाने १३ पैकी चारच बरे झाले होते. हा फरक इतका मोठा होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. त्या एका विशिष्ट रोगापुरता हा उपाय आज सिद्ध झालेला आहे.

ॲरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी हाच उपाय स्वमग्न मुलांवर करून पाहिला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ७ ते १६ वर्षे वयाची १८ मुले त्यांनी घेतली. या सर्वांना पोटाच्या तक्रारी होत्या. आधी दोन आठवडे व्हँकोमायसिन, मग कोठा साफ, मग निरोगी दात्यांच्या विष्ठेतून शुद्ध केलेल्या जीवाणूंची मोठी मात्रा आणि पुढे सात-आठ आठवडे रोजची लहान मात्रा, असा तो क्रम होता. पोटाच्या तक्रारी सुमारे ८० टक्क्यांनी घटल्या. वागण्यातही सुधारणा नोंदवली गेली. दोन वर्षांनी त्याच मुलांची पुन्हा तपासणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या अहवालानुसार स्वमग्नतेची लक्षणे मूळच्या मानाने ४७ टक्क्यांनी कमी झाली होती. प्रारंभी ८३ टक्के मुले ‘तीव्र’ या वर्गात मोडत होती. दोन वर्षांनी हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले.

हे आकडे वाचून कोणाही आईबापांचे काळीज धडधडेल. परंतु येथेच थबकून विचार करावयास हवा. या प्रयोगात कोण काय घेत आहे हे सर्वांना ठाऊक होते. नकली औषध घेणारा स्वमग्न मुलांचा दुसरा गट नव्हता. आपले मूल एका नव्या, अवघड आणि आशादायक उपचारातून जात आहे याची पालकांना क्षणोक्षणी जाणीव होती, आणि बऱ्याच मोजमापांचा आधार पालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्या हा होता. दोन वर्षांत मूल मोठे होते, शिकते, शांत होते. काहींची औषधे आणि आहारही दरम्यान बदलले होते. यांपैकी सुधारणेचे श्रेय किती कोणाला द्यायचे, हे १८ मुलांच्या हिशेबातून सांगता येत नाही. संशोधकांनीही तसा दावा केला नाही आणि नकली औषधाशी तुलना करणारे मोठे प्रयोग व्हावेत असेच म्हटले. परंतु संशोधकाचे ‘परंतु’ प्रयोगशाळेच्या दारातच राहते आणि आकडा तेवढा जगभर फिरतो, हा नेहमीचा अनुभव आहे.

सिक्रेटिनची कथा येथे पुन्हा आठवावी. लंडनमध्ये १९०२ साली शोधला गेलेला हा पहिला संप्रेरक स्वमग्न मुलांपर्यंत पोहोचला तोही पोटाच्याच वाटेने. तीन मुलांच्या स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी तो टोचला गेला आणि नंतर त्यांच्या वागण्यात सुधारणा दिसली, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. दूरचित्रवाणीवर ही वार्ता झळकली आणि औषधासाठी झुंबड उडाली. २०१२ पर्यंत १६ तुलनात्मक प्रयोगांत नऊशेहून अधिक मुलांवर त्याची परीक्षा झाली. उपयोगाचा पुरावा मिळाला नाही. तीन मुलांची वार्ता पसरायला काही महिने पुरले. ती पुसायला चौदा वर्षे लागली.

आधी काय, मागून काय?

स्वमग्न मुलांच्या आतड्यातील जीवाणू वेगळे असतात, असे सांगणारे अभ्यास पुष्कळ आहेत. हाँगकाँगमधील संशोधकांनी २०२४ मध्ये १,६२७ मुलांच्या विष्ठेचे परीक्षण करून असे फरक दाखवले. पण फरक आहे म्हणजे तोच कारण आहे, असे कसे ठरवायचे? ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये या प्रश्नाला एक मार्मिक उत्तर दिले. त्यांनी २४७ मुलांची तपासणी केली. त्यांत ९९ स्वमग्न मुले होती, त्यांच्यापैकी काहींची भावंडे होती आणि नात्याबाहेरची मुलेही होती. मुलाची स्वमग्नता आणि त्याचे जीवाणू यांचा थेट संबंध जवळजवळ आढळलाच नाही. संबंध आढळला तो आहाराशी. स्वमग्न मुले ठरावीक चार पदार्थच खातात. कोणाला पांढरा भातच हवा, कोणाला एकाच कंपनीचे बिस्कीट. वास, चव, स्पर्श यांची त्यांना होणारी तीव्र जाणीव हे त्याचे कारण होय. आहार एकसुरी झाला की आतड्यातील जीवसृष्टीही एकसुरी होते. म्हणजे जीवाणूंमुळे स्वमग्नता नव्हे, तर स्वमग्नतेमुळे आहार आणि आहारामुळे जीवाणू, अशी ही साखळी असण्याचा संभव अधिक आहे. तसे असेल तर जीवाणू बदलून स्वमग्नता घालवू पाहणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार होईल. २०२५ मध्ये केव्हिन मिचेल, डॅरन डाली आणि डोरोथी बिशप या तिघांनी या क्षेत्रातील संशोधनाची कठोर समीक्षा केली. छोटे गट, एकमेकांशी न जुळणारे निष्कर्ष आणि सांख्यिकीतील चुका यांवर बोट ठेवून, जीवाणूंमुळे स्वमग्नता येते हा दावा टिकत नाही, असे त्यांनी म्हटले.

उंदरांवरील प्रयोगांचा दाखला नेहमी दिला जातो. कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत स्वमग्न माणसांच्या विष्ठेतील जीवाणू उंदरांत सोडल्यावर त्यांच्या पिलांचे वर्तन बदलले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या निष्कर्षांच्या गणितावरही पुढे आक्षेप घेतले गेले. आक्षेप बाजूला ठेवले तरी, गोट्या पुरणारा उंदीर आणि शब्दासाठी धडपडणारे मूल यांत केवढे अंतर आहे हे सांगावयास नको.

याचा अर्थ हा विषयच निकालात काढावा असा नाही. इटलीतील पिसा येथे ८५ लहान मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगात, सहा महिने जीवाणूंची पूड देऊनही एकंदर लक्षणांत फरक पडला नाही. पण ज्यांना पोटाच्या तक्रारी होत्या त्यांच्यात काही बाबतींत सुधारणा दिसली. इटलीतच ४३ मुलांवर केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात लॅक्टोबॅसिलस जातीच्या जीवाणूंमुळे इतरांशी वागण्यात सुधारणा दिसली, परंतु स्वमग्नतेची एकंदर तीव्रता घटली नाही, असे २०२४ मध्ये नोंदवले गेले. असे निष्कर्ष छोटे असतात आणि मथळ्यात शोभत नाहीत. पण शास्त्राची वाटचाल अशाच पावलांनी होते. या शोधाला वेळ द्यावा. मात्र त्याची किंमत आजच्या मुलांकडून वसूल करू नये.

जोखीम कोणाची?

‘करून पाहायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. त्याचे उत्तर २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण प्रशासनाने दिले. एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन प्रौढ रोग्यांच्या शरीरात औषधांना न जुमानणारे जंतू गेले. दोघेही गंभीर आजारी झाले आणि त्यांतील एक दगावला. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये त्या प्रशासनाने विष्ठेतील जीवाणूंपासून बनवलेल्या दोन औषधांना परवानगी दिली, ती क्लॉस्ट्रिडियमचा जुलाब उलटू नये यासाठी आणि प्रौढांपुरती. स्वमग्न मुलांसाठी नव्हे.

याहून भीषण प्रकार शास्त्राच्या कुंपणाबाहेर झाले आहेत. मुलांच्या आतड्यात जंत आणि विष साचले आहे असे सांगून कपडे धुण्याच्या ब्लीचसारखे क्लोरीन डायऑक्साइडचे द्रावण ‘चमत्कारी’ म्हणून विकले गेले. ते मुलांना पाजण्यात आले, बस्तीवाटेही देण्यात आले. २०१० पासून त्याविरुद्ध इशारे दिले जात होते. अखेर २०२३ मध्ये फ्लोरिडातील न्यायालयात ते विकणारा बाप आणि त्याचे तीन मुलगे दोषी ठरले. आतड्याच्या दाहाचा आणि स्वमग्नतेचा संबंध जोडूनच अँड्र्यू वेकफील्ड यांनी १९९८ मध्ये गोवराच्या लशीवर संशय निर्माण केला होता. बारा मुलांवर आधारलेला तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदणीतून काढले गेले. पण दरम्यान किती घरांतील मुले लशीविना राहिली असतील! पोटाच्या एका खोट्या गोष्टीने एवढा अनर्थ घडवला.

आपल्याकडचा प्रश्न

या साऱ्याशी महाराष्ट्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. स्वमग्नतेवर मूलपेशींचे उपचार आपल्या देशात मोठी रक्कम घेऊन केले जात होते. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने, या उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांचा प्रचार वा अवलंब हा व्यावसायिक गैरवर्तन समजला जाईल, असे स्पष्ट केले. म्हणजे ते जाहीर होईपर्यंत किती कारकुनांनी भविष्यनिर्वाह निधी काढला, किती घरांतील सोने गहाण पडले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जीवाणूंच्या उपचारांच्या बाबतीत तोच इतिहास पुन्हा घडू द्यायचा काय?

आहाराच्या पथ्याचेही तसेच आहे. गहू आणि दूध बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मराठी घरातून पोळी आणि दूध-दही काढून घेतले तर चार पदार्थांवर जगणाऱ्या मुलाच्या ताटात उरते काय? अमेरिकेत १४ मुलांवर काटेकोरपणे झालेल्या एका प्रयोगात, २०१६ च्या अहवालानुसार, हे पथ्य पाळल्याने वा मोडल्याने मुलांच्या वागण्यात फरक आढळला नाही. प्रयोग लहान होता हे खरे. पण पथ्याने वाढत्या मुलाची हाडे आणि वजन यांचे होणारे नुकसान लहान नसते. शिवाय भारतीय माणसाच्या, विशेषतः शाकाहारी माणसाच्या, आतड्यातील जीवसृष्टी पाश्चात्त्यांपेक्षा वेगळी असते, असे भोपाळ आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी दाखवले आहे. ॲरिझोनातील मुलांच्या पोटाचे गणित विदर्भातल्या मुलाच्या पोटाला जसेच्या तसे लागू पडेल असे मानण्यास आधार नाही.

मग पालकांनी करावे तरी काय? पहिली गोष्ट, पोटाची तक्रार असेल तर तिच्यावर पोटाची तक्रार म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून रीतसर उपचार करून घ्यावेत. बद्धकोष्ठाची औषधे स्वस्त आणि परिचित आहेत. मुलाला वेदनेतून सोडवणे हे स्वतःच पुरेसे मोठे कार्य आहे. त्याच्या समर्थनासाठी स्वमग्नता बरी होण्याचे आमिष कशाला हवे? दुसरी गोष्ट, जीवाणूंचा कोणताही नवा उपचार कोणी सुचवला तर काही साधे प्रश्न विचारावेत. हा उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर त्याची देशाच्या वैद्यकीय प्रयोगांच्या नोंदवहीत नोंद आहे काय? नीती समितीची मान्यता आहे काय? तुलनेसाठी दुसरा गट आहे काय? आणि प्रयोग असूनही त्याचे पैसे का मागितले जात आहेत? या प्रश्नांनी जो चिडेल, त्याच्या दारातून परत फिरावे हे उत्तम.

तिसरी जबाबदारी शासनाची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यताप्राप्त दिव्यांगतांत स्थान दिले. तिच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदाही आहे. मुलांच्या वाढीतील दोष लवकर ओळखण्यासाठी जो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्याचा प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला होता आणि त्याच्या यादीत स्वमग्नतेचाही समावेश आहे. कागदावर असे सर्व काही आहे. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आईला बोलण्याचे शिक्षण देणारा तज्ज्ञ किती मैलांवर भेटतो? वर्गात साठ मुले असलेल्या शिक्षकाला अशा एका मुलाकडे पाहण्यास मदतनीस कोण देतो? मुलाशी चित्रांच्या साहाय्याने कसे बोलावे, त्याच्या दिवसाला क्रम कसा द्यावा, एक एक कृती कशी शिकवावी, हे जे उपाय निश्चित उपयोगी आहेत ते कष्टाचे, संथ आणि गाजावाजा नसलेले आहेत. ते जेथे मिळत नाहीत तेथेच चमत्कारांचे दुकान जोरात चालते. पालकांना सावध राहण्याचा उपदेश करणाऱ्या शासनाने आधी ही पोकळी भरून काढली पाहिजे.

शेवटी, ज्यांच्याविषयी ही सारी चर्चा चालते त्यांचेही ऐकले पाहिजे. स्वमग्न असलेली अनेक प्रौढ माणसे आज लिहितात, बोलतात आणि सांगतात की आपल्याला दुरुस्त करण्याच्या खटाटोपापेक्षा आपले दुखणे समजून घेणारी माणसे अधिक हवी होती. जगभरच्या प्रयोगशाळांत आतड्यातील जीवाणूंचा शोध चालू राहील आणि कदाचित उद्या त्यातून काही हाती लागेलही. तोवर वर्गातल्या मागच्या बाकावर पोट दाबून बसलेल्या मुलाला, ‘बाळ, तुझे पोट दुखते का?’ असे विचारणारे आणि त्याने बोटाने दाखवलेले चित्र समजून घेणारे कोणी तरी तेथे असले पाहिजे. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.